कावासाकीनंतरचा इको : ईएफ नॉर्मल, मग स्ट्रेन कमी कसा?

निळीशाई (धागाकर्ती)

नमस्कार. धागा थोडा तांत्रिक आहे, पण इथे इको (हृदयाची सोनोग्राफी) करणारे आणि बालरोगवाले दोघेही वावरतात म्हणून विचारतेय.

मुलगी तीन वर्षांची. ताप पाच दिवस हटेना, डोळे लालभडक पण चिपडं अजिबात नाहीत, ओठ फुटलेले, अंगभर पुरळ, तळहात-तळपाय सुजलेले. निदान कावासाकी डिसीज (लहान मुलांतला रक्तवाहिन्यांचा दाह). आयव्हीआयजी (शिरेतून द्यायची प्रतिपिंडं) दिलं, दुसऱ्या दिवशी ताप उतरला, आता बाईसाहेब घरभर धावतायत. तिची तब्येत छान आहे, मला अडलंय ते रिपोर्टमध्ये.

तापातच झालेल्या पहिल्या इकोत लिहिलंय : कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या) नॉर्मल, डाव्या पुढच्या कोरोनरीचा झेड स्कोअर (तिच्या अंगकाठीच्या मुलांच्या सरासरीपासून रुंदी किती दूर) १.४, उजवीचा ०.९. मायट्रल झडपेतून किंचित गळती. ईएफ (पंपिंगचा आकडा) ६२ टक्के. आणि खाली एका ओळीत, "जीएलएस उणे १५.८ टक्के, किंचित कमी." जीएलएस म्हणजे शीर्षकातला स्ट्रेन.

डॉक्टर म्हणाले काळजी नको, पुढचा इको ठरल्या वेळी करू. ते गडबडीत होते, मीही आणखी विचारलं नाही. घरी येऊन इंटरनेटवर शोधलं तर एकीकडे "हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं लवकर कळणारं लक्षण" असं वाचलं आणि झोप उडाली. पंपिंग नॉर्मल असताना स्नायू कमजोर कसा? आणि उणे आकडा म्हणजे नेमकं काय?

---

केशरी_पतंग

वाचनखूण साठवतोय. आमचा मुलगा याच आजारातून गेलाय, पण त्याच्या रिपोर्टमध्ये हा जीएलएस प्रकार कुठेच नव्हता. सगळं लक्ष कोरोनरीवर होतं.

---

ध्वनिलहर

निळीशाई, मी इको करते, बहुतेक लहान मुलांचेच. निदान करणं डॉक्टरांचं काम, पडद्यावर काय चालतं तेवढं मी सांगते.

आधी ईएफ. डावा खालचा कप्पा भरलेला असताना त्यात किती रक्त मावतं आणि आकुंचनानंतर किती उरतं, त्यावरून काढलेली टक्केवारी. समजा भरलेला ३० मिली आणि उरले १२. बाहेर गेले १८, ईएफ झाला ६०. हा सगळा पोकळीचा हिशेब आहे. भिंतीचा कुठला थर किती ताकदीने आखडला हे त्यात कुठेच येत नाही.

भिंत मात्र एकसुरी नसते. आतल्या अस्तराजवळचे तंतू साधारण उभे, मधल्या थरातले आडवे गोलाकार, बाहेरचे पुन्हा तिरके पण उलट्या दिशेने. त्यामुळे आकुंचन होताना हृदय तळापासून टोकापर्यंत आखूड होतं, आत दबतं आणि वर ओला कपडा पिळल्यासारखा पीळही घेतं. सूज आली की आधी कुरकुरतात ते सहसा आतले उभे तंतू. तेव्हा मधला गोलाकार थर थोडं जास्त काम करून वेळ मारून नेतो. बाहेर जाणारं रक्त तेवढंच राहतं, ईएफ ६२ च दिसतो.

जीएलएस या उभ्या आखूड होण्याचंच माप आहे. भिंतीची लांबी सुरुवातीला ५० मिलिमीटर आणि आकुंचनाच्या शेवटी ४० झाली, तर १० ने घटली, म्हणजे उणे २० टक्के. ५० ची ४२ च झाली तर उणे १६. उणे चिन्ह फक्त लांबी घटली म्हणून. निरोगी मुलांत हा आकडा उणे २० च्या आसपास असतो. उणे १६ हा उणे २० पेक्षा "कमी" धरायचा, शाळेतलं गणित इथे बाजूला ठेवायचं. रिपोर्ट वाचताना आईवडील हमखास इथेच अडखळतात.

आता तो काढतात कसा. पडद्यावर स्नायू भुरकट, ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. हे ठिपके म्हणजे स्नायूच्या बारीक रचनेवर ध्वनिलहरी विखुरून उमटलेली नक्षी. प्रत्येक तुकड्याची नक्षी वेगळी आणि एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये ती बऱ्यापैकी टिकते. मी टोकाकडून तीन कोनांतून चित्रफिती घेते, आतली कड आखून देते, आणि सॉफ्टवेअर ते ठिपके कुठून कुठे सरकले याचा माग काढतं. शेवटी एक गोल नकाशा येतो, मधोमध हृदयाचं टोक आणि कडेला तळ. सगळ्या भागांची सरासरी म्हणजे तुमचा १५.८.

हे वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात तीन वर्षांचं तापलेलं मूल, डाव्या कुशीवर वळवलेलं, छातीवर जेल, आणि त्याला ते नकोच आहे. दिवे मंद करायचे, जेल कोमट करून घ्यायचं, आईने मोबाईल माझ्या मशीनच्या पडद्याला लावून धरायचा म्हणजे नजर तिकडे राहते. कोरोनरी मी आधी उरकते, कारण मूल शांत असेल तेवढी पाच-सात मिनिटंच सोन्याची. टोकाकडची चित्रं शेवटी. तोवर रडणं सुरू झालेलं असतं, छाती वरखाली, आणि हृदयाचं खरं टोक चौकटीत न येता अलीकडचाच भाग कापला जातो. असा काप झाला की आकडा फसवा येतो.

म्हणून माझा पहिला प्रश्न : रिपोर्टवर इकोच्या वेळचे हृदयाचे ठोके लिहिलेत का?

---

निळीशाई

ताई, इतकं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. हो, ठोके १४८. आणि ती रडत होतीच, मीच धरून बसले होते.

---

उंटावरचा_शहाणा

धागा चांगला आहे, पण एक शंका. मशीन कंपन्यांनी नवं सॉफ्टवेअर विकायला काढलं की एक नवा आकडा रिपोर्टवर येतो. मग तो "किंचित कमी" येतो. मग पालक रात्रभर जागतात. या आकड्याने उपचारात काडीचा तरी फरक पडतो का? नसेल तर तो छापायचाच कशाला?

---

बालहृदयवाला

शहाणेबुवा, प्रश्न तिरकस आहे पण चुकीचा नाही.

थोडी मागची गोष्ट. तोमिसाकू कावासाकी यांनी जपानमध्ये १९६१ साली अशा मुलाचा पहिला रुग्ण पाहिला आणि १९६७ मध्ये ५० मुलांचं वर्णन जपानी भाषेत छापलं. सुरुवातीला हा आपोआप बरा होणारा तापच वाटत होता. पुढे काही मुलांचे अचानक मृत्यू झाले आणि शवविच्छेदनात कोरोनरी फुगलेल्या, गुठळीने बंद झालेल्या सापडल्या. तेव्हापासून सगळ्यांची नजर कोरोनरीवर खिळली, आणि ते बरोबरच आहे. उपचार न मिळालेल्या मुलांपैकी साधारण २५ टक्क्यांना कोरोनरीचा फुगा होतो. आयव्हीआयजी वेळेत, म्हणजे तापाच्या पहिल्या दहा दिवसांत मिळालं, तर हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास येतं.

स्नायूची गोष्ट मात्र मागे पडली. बायोप्सी आणि शवविच्छेदनाच्या अभ्यासांतून दिसलंय की या आजारात हृदयाच्या स्नायूला थोडीफार सूज जवळजवळ सगळ्यांनाच येते, आणि तीही कोरोनरी फुगण्याच्या आधी, पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत. पण ही सूज विषाणूच्या मायोकार्डायटिससारखी नाही. तिकडे स्नायूपेशीच मरतात. इथे मुख्यतः पेशींच्या मधल्या जागेत पाणी साचतं, दाह करणाऱ्या पेशी शिरतात, स्नायूपेशी मात्र फारशा मरत नाहीत. म्हणूनच आयव्हीआयजी दिल्यावर पंपिंग बऱ्याचदा काही दिवसांतच सुधारताना दिसतं. निळीशाई, "इजा" या शब्दाने तुमची झोप उडाली, पण तापातला १५.८ हा बहुतेक करून सुजलेल्या, दमलेल्या स्नायूचा आकडा असतो. त्यावरून व्रण पडला असा निष्कर्ष निघत नाही. मायट्रलची किंचित गळतीही याच काळातली. साधारण चार मुलांत एकाला ती सापडते आणि बहुतेकांची जाते.

उपचार बदलतो का? बहुतेक मुलांत फक्त जीएलएसवरून नाही. ते ठरतं कोरोनरीच्या झेड स्कोअरवर, मुलाच्या वयावर, ताप पुन्हा चढला का यावर. सहा महिन्यांखालचं बाळ असेल किंवा पहिल्याच इकोत झेड २.५ च्या वर असेल, तर आयव्हीआयजीच्या जोडीला आणखी औषधांचा विचार होतो. जीएलएस त्या यादीत नाही.

तरी स्नायू बघण्याचा उपयोग आहेच, आणि तो दोन ठिकाणी चांगलाच.

पहिलं म्हणजे अपुरा कावासाकी. ताप आहे पण निदानाच्या पाचपैकी दोन-तीनच लक्षणं. हे विशेषतः तान्ह्या बाळांत, आणि तिथेच फुग्यांचा धोका जास्त. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१७ च्या निवेदनाप्रमाणे अशा मुलाचा इको "पॉझिटिव्ह" धरायला कोरोनरीचा झेड २.५ च्या वर असावाच असं नाही. डाव्या कप्प्याचं पंपिंग कमी, मायट्रल गळती, हृदयाभोवती पाणी, कोरोनरीचा झेड २ ते २.५ च्या मध्ये, यांतली तीन लक्षणं एकत्र आली तरी पुरे. म्हणजे स्नायूची सूज इथे थेट निदानाच्या बाजूने साक्ष देते.

दुसरं, शॉक. मोजक्या मुलांत आजार रक्तदाब पाडूनच समोर येतो आणि त्याला जंतुसंसर्ग समजून उपचार सुरू होतात. शिवाय आयव्हीआयजी म्हणजे किलोला २ ग्रॅम. १४ किलोच्या मुलाला २८ ग्रॅम, १० टक्क्यांच्या द्रावणात २८० मिली. सुजलेल्या हृदयावर हा बराच भार असतो. पंपिंग कमी दिसलं तर आम्ही थेंबांचा वेग आणि लघवी दोन्हीवर बारीक नजर ठेवतो.

आणि आकडा न छापण्याबद्दल : तापातला आकडा लिहिलेला असेल तरच पुढच्या इकोला तुलना करायला काही हातात राहतं. "किंचित कमी" ही दोन अक्षरं पालकांच्या हाती स्पष्टीकरणाशिवाय द्यावीत का, यावर मी तुमच्या बाजूने आहे.

---

उंटावरचा_शहाणा

समाधानकारक. उंटावरून उतरतो, पण अर्धाच. छोट्या अभ्यासांत "स्ट्रेन कमी असलेल्यांना पुढे कोरोनरीचा त्रास जास्त" असं वाचलं होतं. त्याचं काय?

---

बालहृदयवाला

असे अभ्यास आहेत, मुलांची संख्या कमी, मशीनं वेगवेगळी. जास्त दाह असलेल्या मुलात स्नायूही जास्त सुजणार आणि कोरोनरीही जास्त फुगणार, त्यामुळे संबंध दिसणं स्वाभाविक आहे. पण सीआरपी (रक्तातलं दाहाचं माप), वय, पहिला झेड स्कोअर हे सगळं हातात असताना त्यात स्ट्रेनने किती भर पडते, हा खरा प्रश्न. तेवढ्यावरून मी कुणाला स्टेरॉइड सुरू करणार नाही.

---

सिग्नल_नॉईज

मी वैद्यकीय नाही, इमेज प्रोसेसिंगमध्ये आहे. ठोके १४८ वाचून राहवलं नाही.

१५० ठोक्यांना एक हृदयचक्र ४०० मिलिसेकंदांचं. सेकंदाला ७० फ्रेम घेतल्या तर एका चक्रात २८ चित्रं मिळतात. ६० ठोक्यांच्या मोठ्या माणसात त्याच वेगाने ७०. ठिपक्यांचा माग काढणारं अल्गोरिदम प्रत्येक ठिपका पुढच्या फ्रेममध्ये जवळपासच सापडेल असं गृहीत धरतं. चित्रांमधलं अंतर वाढलं की ठिपका हरवतो, किंवा वाईट म्हणजे शेजारचाच ठिपका आपला समजून बसतो. त्यातून ती चित्रफीत साठवताना सेकंदाला ३० फ्रेमवर आणली गेली असेल (बऱ्याच ठिकाणी तसंच होतं) तर उरल्या जेमतेम १२. आकुंचनाचा सगळ्यात तळाचा क्षण दोन फ्रेमच्या मध्ये निसटू शकतो.

फ्रेम वाढवायच्या तर चौकट अरुंद आणि खोली कमी करावी लागते. ध्वनीचा वेग शरीरात सेकंदाला साधारण १५४० मीटर, तो काही वाढवता येत नाही.

---

ध्वनिलहर

सिग्नल_नॉईज, अगदी. म्हणून मुलांत मी चौकट फक्त डाव्या कप्प्यापुरती ठेवते. बाळ लहान असल्याचा फायदाही होतो, हृदय छातीच्या अगदी जवळ असतं, खोली कमी लागते, आणि जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब वापरता येतो. चित्र मोठ्यांपेक्षा सुरेख येतं. फक्त मालकाने स्थिर राहायला हवं!

अजून एक सांगायचं राहिलं. त्या गोल नकाशातल्या एकेका रंगीत तुकड्यावर जाऊ नका. सरासरी आकडा बऱ्यापैकी विश्वासाचा, पण सुट्या भागांचे आकडे लगेच हलतात. एखाद्या पालकाने "इथे फिकट गुलाबी का आहे" विचारलं, तर नव्वद टक्के वेळा उत्तर "तिथे बरगडी आली" असं असतं.

---

सोनचाफा

आमचा अनुभव कावासाकीचा नाही, कोविडनंतरच्या एमआयएस-सीचा (मुलांच्या अनेक अवयवांना एकदम सूज येते तो). लेक तेव्हा नऊ वर्षांची. लक्षणं पुष्कळशी कावासाकीसारखी, पण पोटदुखी भयंकर आणि रक्तदाब पडलेला. ईएफ थेट ३८. आम्हाला स्ट्रेन बिन कळायची वेळच आली नाही, पंपच कमी दिसत होता. काही आठवड्यांत ईएफ नॉर्मल झाला, पण डॉक्टरांनी जीएलएस उणे १७ असल्याचं सांगून खेळाला परवानगी लांबवली. तेव्हा चिडले होते. आता वाटतं, दिसायला बरं झालेलं हृदय आतून अजून सावरत असेल तर थोडं थांबलेलं बरं.

---

बालहृदयवाला

सोनचाफा, एमआयएस-सीमध्ये स्नायूचा सहभाग सरासरीने कावासाकीपेक्षा ठळक असतो, आणि ईएफ आधी सावरून स्ट्रेन मागाहून सावरणं हे तिथे वारंवार दिसलंय. खेळाची परवानगी देताना ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन), गरज पडली तर एमआरआय हे सगळं मिळून बघतात. स्नायूत सूज आहे की व्रण, हे एमआरआय नीट सांगतो. इको हालचाल दाखवतो, पेशींत काय आहे ते नाही.

---

केशरी_पतंग

आमच्या बाजूचं लिहितो, कारण इथे आतापर्यंत सगळं "बरं होतं" या सुरात चाललंय. निदान उशिरा झालं आणि मुलाच्या उजव्या कोरोनरीत मोठा फुगा राहिला, ८ मिलिमीटरच्या वरचा. आता तो किशोरवयात आहे. गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि वॉरफरिन दोन्ही चालू, आयएनआर (रक्त किती वेळात गोठतं याची तपासणी) नियमित.

त्याच्या इकोत डॉक्टर वेगळंच शोधतात. सगळा डावा कप्पा एकसारखा कमी हलतोय का यापेक्षा, एखादाच पट्टा मागे राहतोय का हे बघतात. उजव्या कोरोनरीचा रक्तपुरवठा जिथे जातो, ती खालची भिंत. आरामात सगळं छान दिसतं. म्हणून ट्रेडमिलवर पळवून लगेच, ठोके वर असतानाच इको करतात. तो उतरून पलंगावर आडवा पडतो आणि इको करणारी व्यक्ती अक्षरशः झडप घालते, कारण दीड-एक मिनिटात ठोके खाली येतात. आमच्याकडे हा आकडा नाही तर ही हालचाल महत्त्वाची ठरते.

---

बालहृदयवाला

केशरी_पतंग, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. सुरुवातीच्या दिवसांतली स्नायूची सूज आणि वर्षांनंतरची रक्तपुरवठ्याची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सगळीकडे पसरलेली आणि बहुधा निघून जाणारी. दुसरी एका कोरोनरीच्या हद्दीपुरती, आणि ती फक्त फुगा राहिलेल्या मुलांची चिंता. झेड १० च्या वर किंवा ८ मिलिमीटरपेक्षा मोठा फुगा असलेल्यांना आयुष्यभर हृदयतज्ज्ञ लागतो. कारण फुग्याच्या तोंडाशी पुढे धमनी अरुंद होऊ शकते आणि आत गुठळी होऊ शकते.

---

पानगळ_वाचक

मध्येच विचारतो. माझ्या पुतणीला हेनॉख-शोनलाइन म्हणून रक्तवाहिन्यांचा दाह झाला होता, पायांवर जांभळे डाग. तिलाही असा इको करायला हवा का?

---

बालहृदयवाला

त्याला आता आयजीए व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. मुलांतला सगळ्यात जास्त आढळणारा रक्तवाहिन्यांचा दाह तोच, पण तो जातो लहान वाहिन्यांकडे : त्वचा, सांधे, आतडी, मूत्रपिंड. हृदय क्वचितच. तिथे इकोपेक्षा लघवीची तपासणी आणि रक्तदाब महिनोन्महिने बघत राहणं महत्त्वाचं.

टाकायासु मात्र उलट. तो महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांचा आजार. मुलांत बऱ्याचदा उच्च रक्तदाबानेच कळतो. डावा कप्पा वाढलेल्या दाबाविरुद्ध ढकलत राहतो, जाड होतो, प्रसंगी थकतो. तिथेही स्ट्रेन कमी येतो, पण त्यात दाबाचा वाटा किती आणि दाहाचा किती हे वेगळं काढणं कठीण. आणि रक्तदाब चारही हातापायांना मोजायचा, एका हातात नाडीच लागत नसेल तर तिथला आकडा फसवतो.

---

निळीशाई

अपडेट. सहा आठवड्यांचा इको झाला. आधीच्या ठिकाणची तारीख लवकर मिळेना म्हणून दुसरीकडे केला. कोरोनरी नॉर्मल. गळती नाही. ईएफ ६४. जीएलएस उणे १८.४. ठोके ९६, यावेळी पूर्ण झोपेत होती.

सुधारलं ना?

---

ध्वनिलहर

आनंद झाला वाचून. पण १५.८ वरून १८.४ या फरकाला फार भाव देऊ नका. मशीन वेगळं, सॉफ्टवेअर वेगळं, हात वेगळा, ठोके ५० ने कमी, ताप नाही, रडणं नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर त्याच हृदयाचा आकडा एक-दोन टक्क्यांनी सहज इकडेतिकडे होतो. गळती गेली आणि कोरोनरी नॉर्मल आहेत, ही जास्त ठोस बातमी.

पुढचा इको कधी असेल तर शक्यतो एकाच ठिकाणी करा. दोन्ही वेळच्या चित्रफिती सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून ठेवा, छापील चार फोटो उपयोगाचे नाहीत. मूळ फ्रेमवेगाच्या फिती द्या असं स्पष्ट सांगा. त्या मिळाल्या तर दोन्ही एकाच सॉफ्टवेअरवर पुन्हा मोजता येतात.

---

बालहृदयवाला

ध्वनिलहरशी सहमत. सहा आठवड्यांना कोरोनरी नॉर्मल असणं हाच यातला मोठा टप्पा, फुगे यायचे तर बहुधा याआधी दिसतात. ॲस्पिरिन कधी बंद करायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील, मनाने बंद करू नका. ते चालू असेपर्यंत तापाला आयबुप्रोफेन देऊ नका, ते ॲस्पिरिनच्या कामात अडथळा आणतं. आणि कांजिण्या किंवा फ्लूची शंका आली तर त्याच दिवशी फोन करा, ॲस्पिरिन घेणाऱ्या मुलांत त्यातून राय सिंड्रोमचा (यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा गंभीर आजार) धोका असतो.

गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस आयव्हीआयजीनंतर ११ महिने पुढे ढकलतात. बाहेरून आलेली प्रतिपिंडं लसीचा परिणाम मारतात म्हणून. शाळेत लसीकरणाचं कार्ड मागितलं तर हे लिहून घ्या.

---

निळीशाई

खूप आभार. आता एकच शेवटचं. जुने-नवे रिपोर्ट शेजारी ठेवून बघत होते तर पहिल्यात तिची उंची ८९ सेंटीमीटर लिहिलीय. ती तेव्हाही ९६ होती. वजन दोन्हीकडे १४ किलो, ते बरोबर. झेड स्कोअर उंची-वजनावरून काढतात ना? मग तो १.४ चुकीचा?

---

ध्वनिलहर

छान पकडलंत. तापलेल्या मुलाची उंची बऱ्याचदा विचारूनच लिहिली जाते. हेकॉकच्या सूत्राने बघितलं : १४ किलो आणि ८९ सेंमीला शरीराचं क्षेत्रफळ ०.५९ चौरस मीटर, ९६ सेंमीला ०.६१. एवढ्याने झेड किंचित खालीच येईल, म्हणजे तुमच्या बाजूने. वजन चुकलं असतं तर जास्त फरक पडला असता, कारण सूत्रात त्याचं पारडं जड आहे.

खरी गडबड मोजमापात होते. या वयात ती कोरोनरी जेमतेम दोन मिलिमीटरची. पाव मिलिमीटर इकडेतिकडे झालं की झेड जवळजवळ एकने हलतो. आणि झेड काढायची सूत्रंही वेगवेगळी आहेत, कोणतं वापरलं ते रिपोर्टवर असायला हवं. तुमच्या दोन्ही रिपोर्टांत मिलिमीटरमधला व्यास लिहिलाय का ते बघा. तो असेल तर इथे टाका, एकाच सूत्राने दोन्ही काढून देते.

---

निळीशाई

पहिल्यात आहे, दुसऱ्यात नुसतं "नॉर्मल". उद्या फोन करून मागते.